यशवंतराव होळकर (दुसरे)

महाराजाधिराज राजराजेश्वर सवाई यशवंतराव होळकर (दुसरे) (जन्म: ६ सप्टेंबर १९०८, इंदूर, मृत्यू: ५ डिसेंबर १९६१, मुंबई) हे इंदूर संस्थानाचे अखेरचे सत्ताधीश होते. १९२६ ते १९४८ या काळात ते गादीवर होते. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर मध्य भारत राज्याचे उपराजप्रमुख म्हणून त्यांनी काम पाहिले. आधुनिक शैलीत सजवलेला माणिकबाग राजवाडा, शिल्पकार कॉन्स्टँटिन ब्रांकुशी यांच्याकडून घेतलेली शिल्पे आणि खास मागणीनुसार हाताने घडवून घेतलेल्या क्रीडामोटारी यांमुळे त्यांचे नाव जगभरच्या कलासंग्राहकांत परिचित आहे. महाराष्ट्रात मात्र होळकर म्हटले की मल्हारराव, अहिल्याबाई आणि पहिले यशवंतराव एवढीच नावे पुढे येतात. या लेखाचे नायक त्या पहिल्या यशवंतरावांहून वेगळे आहेत, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. एकाच नावामुळे दोघांच्या माहितीची सरमिसळ वारंवार होते.

घराणे व पार्श्वभूमी

होळकर घराण्याचे मूळ गाव होळ. मल्हारराव होळकर (१६९३–१७६६) यांनी पेशव्यांच्या उत्तरेकडील मोहिमांत पराक्रम गाजवून माळव्यात सत्ता स्थापन केली. त्यांच्या स्नुषा अहिल्याबाई यांनी १७६७ ते १७९५ या काळात महेश्वर येथून कारभार पाहिला. मराठवाड्यातील वाचकाला होळकरांची ओळख बहुधा वेरूळच्या घृष्णेश्वर मंदिरावरून असते. त्या मंदिराचे आजचे बांधकाम अहिल्याबाईंनी केलेल्या जीर्णोद्धाराचे आहे. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांचे राज्य ब्रिटिशांच्या अधिसत्तेखाली आले आणि इंदूर हे राजधानीचे शहर झाले. दरबारात व राजकुटुंबात मराठी टिकून राहिली. शहरातही मराठी भाषकांची मोठी वस्ती झाली. इंदूरला मराठी साहित्याचे महाराष्ट्राबाहेरील एक केंद्र मानले जाते, त्याचे मूळ या राजाश्रयात आहे.

यशवंतरावांचे वडील तुकोजीराव (तिसरे) यांना मोटारी, जडजवाहीर आणि परदेशप्रवास यांची आवड होती. १९१३ मध्ये पॅरिसच्या शोमे या जवाहिऱ्याकडून त्यांनी नासपतीच्या आकाराचे दोन मोठे हिरे विकत घेतले. हे हिरे पुढे इंदूर पेअर्स या नावाने प्रसिद्ध झाले.

बालपण, शिक्षण व राज्यारोहण

यशवंतरावांचा जन्म इंदूर येथे झाला. त्यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये चार्टरहाउस ही शाळा आणि ऑक्सफर्ड विद्यापीठातील क्राइस्ट चर्च महाविद्यालय येथे झाले. १९२४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातील संयोगिताराजे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज जन्माने याच घराण्यातले. विवाहाच्या वेळी वर अवघा १५–१६ वर्षांचा आणि वधू त्याहूनही बरीच लहान होती. पुढे संयोगिताराजे यांचेही शिक्षण इंग्लंडमध्ये झाले.

१२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. पूर्वी इंदूर दरबारात असलेली मुमताज बेगम त्या वेळी त्याच्यासोबत मोटारीत होती. तिला पळवून नेण्याचा हा प्रयत्न होता आणि हल्लेखोरांचा संबंध इंदूरशी असल्याचे उघड झाले. सरकारने तुकोजीरावांपुढे चौकशी किंवा पदत्याग असे दोन पर्याय ठेवले. त्यांनी २६ फेब्रुवारी १९२६ रोजी मुलाच्या बाजूने गादी सोडली. अशा रीतीने सतराव्या वर्षी यशवंतराव राजे झाले. वडील गादीवर नसले तरी हयात होते आणि पुढे मुलाच्या मृत्यूनंतरही १९७८ पर्यंत जगले. कलंकित प्रकरणामुळे आलेली सत्ता आणि जिवंत पित्याची सावली हे दोन्ही यशवंतरावांच्या वाट्याला आले. त्यांच्या अलिप्त, काहीशा अबोल स्वभावाचा विचार करताना ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

अल्पवयीन काळात सर सिरेमल बापना यांच्या प्रमुखत्वाखाली मंत्रिमंडळाने कारभार सांभाळला. ९ मे १९३० रोजी यशवंतरावांना पूर्ण अधिकार मिळाले.

माणिकबाग राजवाडा

ऑक्सफर्डमधील वास्तव्यात यशवंतरावांची गाठ एकार्ट मुथेसियस (१९०४–१९८९) या तरुण जर्मन वास्तुशिल्पीशी पडली. एकार्टचे वडील हेर्मान मुथेसियस हे जर्मनीतील वेर्कबुंड या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक होते. कारागीर आणि कारखाना यांची सांगड घालून रोजच्या वापराच्या वस्तू सुबक कराव्यात, हा त्या संघटनेचा विचार. यशवंतरावांनी राज्याधिकार हाती घेतला त्याच सुमारास इंदूरमधील माणिकबाग या वाड्याचे काम मुथेसियस यांच्याकडे सोपवले. १९३० ते १९३३ या काळात ते पार पडले. मालक २१ वर्षांचा आणि वास्तुशिल्पी २६ वर्षांचा होता.

संस्थानिकांचे राजवाडे म्हणजे घुमट, झुंबरे, जरीचे पडदे आणि वाघाची कातडी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. माणिकबाग तसा नव्हता. त्याच्या भिंती सपाट होत्या. खिडक्या व दारे यांच्या धातूच्या चौकटी आणि सामानाचा मोठा भाग जर्मनीत तयार होऊन जहाजाने मुंबईला आणि तेथून रेल्वेने इंदूरला आला. खोल्या थंड ठेवण्याची यांत्रिक सोयही होती. झॅक-एमील रूलमान, आयलीन ग्रे, ल कॉर्ब्युझिए आणि शार्लोत पेरियाँ यांच्या आसनांना तेथे स्थान मिळाले. लुई सॉन्यो आणि शार्लोत अलिक्स यांनी धातू व काच यांचे पलंग घडवले. इव्हान दा सिल्व्हा ब्रुन्स यांनी गालिचे विणवले, झाँ प्यूफोर्का यांनी चांदीची ताटे-भांडी बनवली. मुथेसियस यांनी स्वतः रचलेल्या लाल खुर्च्यांच्या पाठीतच वाचनासाठी दिवे बसवले होते.

या सगळ्यातील समान धागा धातुकामाचा आहे. नक्षी नाही, वेलबुट्टी नाही, त्यामुळे झाकायला जागा नाही. सांधा जरासा वाकडा गेला किंवा मुलाम्याखाली ओरखडा राहिला तर तो लगेच दिसतो. साधे दिसणारे काम करायला अधिक कसबी हात लागतो, हे कोणताही तांबट किंवा सुतार सांगेल. मुथेसियस यांनी महाराजांसाठी रेल्वेचा खास डबा आणि शिकारीच्या मुक्कामासाठी चाकांवरचे घरही रचले होते. महाराजांच्या मोटारींच्या आवडीचा विचार याच संदर्भात करायला हवा. राजवाडा, डबा आणि मोटार या त्यांच्या दृष्टीने एकाच जातीच्या वस्तू होत्या.

ब्रांकुशी यांची शिल्पे

रुमानियात जन्मलेले आणि पॅरिसमध्ये स्थायिक झालेले शिल्पकार ब्रांकुशी यांच्याकडून यशवंतरावांनी अवकाशातील पक्षी या मालिकेतील तीन शिल्पे घेतली: एक ब्राँझचे, एक काळ्या संगमरवराचे आणि एक पांढऱ्या संगमरवराचे. या व्यवहारात फ्रेंच लेखक आंरी-पिएर रोशे यांनी मध्यस्थी केली. ब्राँझचा पक्षी ओतून झाल्यावर ब्रांकुशी स्वतः कानशीने घासून आणि पॉलिश करून त्याला आरशासारखी चकाकी आणत. साचा कुणीही ओतू शकतो, खरे शिल्प घासण्यात घडते, अशी त्यांची कामाची पद्धत होती.

या तीन पक्ष्यांसाठी इंदूरमध्ये एक ध्यानमंदिर बांधण्याची योजना होती. त्यासाठी ब्रांकुशी १९३७–३८ च्या हिवाळ्यात इंदूरला आले. परंतु त्या वेळी महाराज मोठ्या आघातातून जात होते. जुलै १९३७ मध्ये संयोगिताराजे यांचे स्वित्झर्लंडमध्ये निधन झाले होते. त्या अवघ्या २२–२३ वर्षांच्या होत्या. त्यांची कन्या उषाराजे हिचा जन्म १९३३ मध्ये पॅरिस येथे झाला होता. मंदिर कधीच बांधले गेले नाही आणि ब्रांकुशी रिकाम्या हाताने परतले. दोन्ही संगमरवरी पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलादालनात आहेत.

मोटारी

त्या काळी उत्तम मोटार विकत घेण्याची रीत आजच्याहून वेगळी होती. कारखाना फक्त चासी देत असे, म्हणजे सांगाडा, इंजिन, चाके, स्टिअरिंग आणि फार तर पुढची जाळी. ती चासी ग्राहक आपल्या पसंतीच्या बॉडी बांधणाऱ्याकडे पाठवी. बॉडीचा आकार, आसनांची संख्या, टप उघडा की बंद, मडगार्डचा बाक, रंग, दिवे या सर्व गोष्टी तेथे ठरत. हे बॉडी बांधणारे मूळचे बग्गी व घोडागाड्या तयार करणारे कारागीर होते. म्हणून एकाच कारखान्याच्या एकाच वर्षीच्या दोन मोटारी दिसायला पूर्णपणे निराळ्या असू शकत.

यशवंतरावांच्या मोटारखान्यात इस्पानो-सुइझा, बेंटली, अल्फा रोमिओ अशा नामांकित गाड्या होत्या. त्यांत सर्वांत प्रसिद्ध ठरली ती अमेरिकन ड्युसेनबर्ग एसजे.

ड्युसेनबर्ग हा इंडियानापोलिस येथील कारखाना. जर्मनीत जन्मलेल्या फ्रेड आणि ऑगस्ट या भावांनी तो नावारूपाला आणला. त्यांचे जे हे मॉडेल १९२८ मध्ये बाजारात आले. एका रांगेत ८ सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरला ४ व्हॉल्व्ह, सुमारे ६.९ लिटरचे इंजिन आणि कारखान्याच्या सांगण्याप्रमाणे २६५ अश्वशक्ती, अशी तिची क्षमता होती. इतर अमेरिकन गाड्यांची शक्ती त्या वेळी याच्या निम्मीही नसे. १९३२ मध्ये सुपरचार्जर बसवलेले एसजे मॉडेल आले आणि शक्ती ३२० अश्वशक्तीवर गेली. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात दाबाने अधिक हवा भरणारे यंत्र. भात्याने हवा मारली की लोहाराची भट्टी भडकते, तसाच हा प्रकार. बॉनेटच्या बाजूने बाहेर येणारे चकचकीत, वळणदार धुराडे ही या गाडीची खूण होती. लहान चासीतदेखील पुढच्या-मागच्या आसांमधील अंतर १४२.५ इंच होते आणि मोठ्या चासीत १५३.५ इंच. जे मालिकेतील एकूण सुमारे ४८० गाड्या तयार झाल्या. त्यांपैकी कारखान्यातूनच सुपरचार्जर बसवून आलेल्या गाड्या तीन-चार डझनच होत्या. १९३७ मध्ये कारखाना बंद पडला.

यशवंतरावांची चासी १९३५ च्या सुमाराची. ती अमेरिकेतून लंडनला नेण्यात आली आणि जे. गर्नी नटिंग यांच्या कंपनीकडे बॉडीसाठी देण्यात आली. ही कंपनी पहिल्या महायुद्धानंतर सुरू झाली आणि लंडनच्या चेल्सी भागात नावारूपाला आली. माल्कम कॅम्बेल यांनी १९३१ मध्ये वेगाचा विक्रम केला त्या ब्लू बर्ड गाडीचे बाह्यांग याच कंपनीने बांधले होते. कंपनीचे मुख्य रचनाकार ए. एफ. मॅकनील यांच्या हाताखाली महाराजांची गाडी आकाराला आली. एवढ्या अवाढव्य सांगाड्यावर त्यांनी केवळ दोन आसनांची उघडी बॉडी बसवली. बॉनेट लांबलचक, बसण्याची जागा मागे सरकवलेली, मडगार्ड लाटेसारखे उतरत जाणारे आणि रंग नारिंगी व काळा. अमेरिकन इंजिन, इंग्लिश पत्राकाम आणि इंदूरचे रंग यांचा असा मेळ दुसऱ्या कोणत्याही ड्युसेनबर्गमध्ये दिसत नाही.

एका संस्थानिकाने दोन माणसांसाठी एवढी मोटार घडवून घ्यावी, यावर टीका होणे साहजिक आहे. जगभर मंदी असताना आणि माळव्यातील शेतकरी पडत्या भावांशी झुंजत असताना हा खर्च संस्थानाच्या उत्पन्नातून होत होता. ही बाजू मोटारींच्या चाहत्यांनी लिहिलेल्या मजकुरात सहसा आढळत नाही. दुसरीकडे, यशवंतरावांनी नुसता पैसा ओतला असेही नाही. बहुतेक राजेलोक गाडीवर सोने-चांदी मढवून, हस्तिदंत लावून ती सजवत. यशवंतरावांनी आकारालाच महत्त्व दिले आणि अंगावर एकही अनावश्यक दागिना ठेवला नाही.

पत्राकामाचे तंत्र

गर्नी नटिंग यांच्यासारख्या कारखान्यांत काम कसे चाले हे समजल्याशिवाय या गाडीचे मोल कळत नाही. प्रथम रचनाकार पूर्ण आकाराचे रेखाचित्र काढी. त्यावरून सुतार अ‍ॅश नावाच्या चिवट आणि लवचीक लाकडाचा सांगाडा तयार करत. या लाकडी सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चढवला जाई. पत्रा सपाट येतो आणि मडगार्ड दोन्ही दिशांना वाकलेले असते. ही अडचण दोन प्रकारे सोडवावी लागते. मध्ये फुगवायचे असेल तेथे पत्रा ताणावा लागतो, कडेला वळवायचे असेल तेथे आक्रसावा लागतो.

फुगवटा आणण्यासाठी वाळूच्या चामडी पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी मोगरीने ठोकतात. मग तो इंग्लिश व्हील नावाच्या यंत्रातून पुढे-मागे फिरवतात. त्यात वर सपाट काठाचे मोठे चाक आणि खाली किंचित फुगीर असे लहान चाक असते. दोहोंच्या चिमटीतून पत्रा शेकडो वेळा गेला की ठोक्यांचे खळगे मोडतात आणि सलग बाक तयार होतो. यंत्राला मोटर नसते. पत्रा हातांनीच ढकलायचा आणि ओढायचा. कुठे किती दाब द्यायचा हे कारागीर तळहाताने चाचपून ठरवतो, कारण डोळ्याला न दिसणारा उंचसखलपणा हाताला जाणवतो.

ठोकून-ठोकून अ‍ॅल्युमिनियम कडक होते आणि तडकू लागते. तेव्हा ते तापवून नरम करावे लागते. तांबे तापले की लाल होते, अ‍ॅल्युमिनियम मात्र रंग न बदलता एकदम वितळते. म्हणून कारागीर पत्र्यावर साबण चोळतात. साबण काळपट झाला की पत्रा पुरेसा तापला असे समजून ज्योत बाजूला घेतात. वेगवेगळे तुकडे गॅसने झाळून जोडतात आणि झाळ कानशीने घासून अशी मिळवतात की सांधा सापडू नये.

महाराष्ट्रातील वाचकाला हे काम अगदी परके वाटण्याचे कारण नाही. पुण्याच्या तांबट आळीत तांब्या-पितळेच्या भांड्यांवर जे मठारकाम चालते, त्याचे तत्त्व हेच आहे. मठारणे म्हणजे एकसारखे, एकमेकाला लागून ठोके देत धातू घट्ट आणि सारखा करणे. फरक एवढाच की तांबट ठोक्यांची रांग शोभेसाठी राहू देतो, मोटारीचा कारागीर ती पुसून टाकतो. आज गावोगावच्या गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग करणारे मिस्त्री याच विद्येचा एक तुकडा जपून आहेत. मात्र लांबी भरून खळगा झाकणे आणि पत्रा ठोकून मूळ बाकावर आणणे यांत मोठे अंतर आहे.

जुन्या गाड्यांचे पुनरुज्जीवन

अशा हाताने बांधलेल्या गाड्यांचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, कारण ते कधी बाजारात नव्हतेच. गाडीची डावी आणि उजवी बाजूदेखील तंतोतंत सारखी नसते. म्हणून जीर्णोद्धार करणारा कारागीर शिल्लक राहिलेल्या भागावरून कागदी माप घेतो आणि लाकडी साचा करतो. त्यावर नवा पत्रा बसवून पाहत-पाहत हवा तो भाग घडवतो. वर पत्रा चकचकीत दिसला तरी आतले लाकूड कुजलेले असते. लोखंडी स्क्रू आणि अ‍ॅल्युमिनियम यांचा ओलाव्यात संबंध आला की पत्रा आतून खाल्ला जातो. पावसाळी हवेत उघड्या मोटारखान्यात वर्षानुवर्षे राहिलेल्या संस्थानी गाड्यांची हीच दुर्दशा झाली.

मूळ पत्रा कितीही विरळ झालेला असला तरी तो वाचवावा, की नवा घालून गाडी पहिल्या दिवसासारखी करावी, यावर जाणकारांत मतभेद आहेत. मूळ पत्र्यावर त्या लंडनच्या कारागिराच्या हाताची खूण असते, ती एकदा गेली की परत येत नाही. पूर्वी सर्रास नवे रूप देण्याकडे कल होता. अलीकडे जुने अंग राखण्याला अधिक मान मिळू लागला आहे. मंदिरांच्या जीर्णोद्धारातही हाच प्रश्न येतो आणि तेथेही त्याचे एकच एक उत्तर नाही.

भारतीय संस्थानिकांच्या अनेक गाड्या १९५० ते १९७० च्या दरम्यान मातीमोल भावाने विकल्या जाऊन परदेशी गेल्या. यशवंतरावांची ड्युसेनबर्गही अमेरिकेत परतली. तेथे ती जपली गेली आणि या मालिकेतील सर्वांत देखण्या गाड्यांत आज तिची गणना होते.

राज्यकारभार व सार्वजनिक कार्य

शहराला पाणी पुरवण्यासाठी गंभीर नदीवर बांधलेला यशवंतसागर जलाशय हे त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत उपयोगी काम होय. इंदूरकरांची तहान त्याने अनेक दशके भागवली. नगररचनेसाठीही मुथेसियस यांचा सल्ला घेतला जाई. त्यांचा इंदूरशी संबंध १९३९ पर्यंत राहिला. इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय यशवंतरावांच्याच नावाने ओळखले जाते. मध्य प्रदेशातील मोठ्या सरकारी रुग्णालयांत त्याचा समावेश होतो.

क्रिकेटला त्यांच्या काळात मोठा आश्रय मिळाला. कर्नल सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखालील होळकर संघाने रणजी करंडक १९४५–४६, १९४७–४८, १९५०–५१ आणि १९५२–५३ असा चार वेळा जिंकला. मुश्ताक अली, चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड हे या संघातील नामवंत खेळाडू होत.

महाराजांच्या दीर्घ परदेशवासामुळे कारभाराची घडी वारंवार दिवाणांवर सोपवली जाई. प्रजेमध्ये यावरून नाराजी होती. १९४२ मध्ये त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना उद्देशून एक खुले पत्र प्रसिद्ध केले आणि भारताच्या प्रश्नात मध्यस्थी करण्याचे आवाहन केले. ब्रिटिशांच्या अधिसत्तेखालील संस्थानिकाने महायुद्ध चालू असताना असे पाऊल उचलणे ही असामान्य गोष्ट होती. शासनकर्ते म्हणून त्यांचे मूल्यमापन करताना या पत्राला पुरेसे स्थान मिळत नाही.

विलीनीकरण व अखेरचा काळ

स्वातंत्र्यानंतर इंदूर, ग्वाल्हेर आणि माळव्यातील इतर संस्थाने मिळून २८ मे १९४८ रोजी मध्य भारत हे राज्य अस्तित्वात आले. ग्वाल्हेरचे शिंदे राजप्रमुख आणि यशवंतराव उपराजप्रमुख झाले. पेशवाईपासून चालत आलेली शिंदे-होळकरांची स्पर्धा शेवटी अशा पदांच्या क्रमात विसावली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात विलीन झाला आणि हे पदही संपले.

संयोगिताराजे यांच्या निधनानंतर यशवंतरावांनी दोन विवाह केले. दोन्ही पत्नी अमेरिकन होत्या. १९३८ मध्ये झालेला दुसरा विवाह १९४३ मध्ये संपुष्टात आला आणि त्याच वर्षी तिसरा झाला. तिसऱ्या विवाहातून १९४४ मध्ये पुत्र झाला. दरम्यानच्या काळात त्यांचे बरेच वास्तव्य अमेरिकेत होते. प्रकृती पूर्वीपासून नाजूक होती. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ५३ वर्षांचे होते. परदेशी मातेच्या पोटी जन्मल्यामुळे पुत्राला वारसा मिळाला नाही. भारत सरकारने कन्या उषाराजे यांना वारस म्हणून मान्यता दिली.

संग्रहाची पांगापांग

१९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द झाले. माणिकबागेतील सामान २५ मे १९८० रोजी मोनॅको येथे सॉदबीज या संस्थेने लिलावात विकले. रूलमान यांची मेजे, सॉन्यो-अलिक्स यांचे पलंग, मुथेसियस यांच्या दिव्यांच्या खुर्च्या हे सर्व जगभरच्या संग्रहालयांत आणि खासगी घरांत विखुरले. राजवाड्याच्या इमारतीत केंद्रीय अबकारी व सीमाशुल्क विभागाचे कार्यालय आले.

सप्टेंबर २०१९ ते जानेवारी २०२० या काळात पॅरिसच्या सजावट-कला संग्रहालयात यशवंतरावांवर एक मोठे प्रदर्शन भरले. माणिकबागेतील अनेक वस्तू ४० वर्षांनी तेथे पुन्हा एका छताखाली आल्या. बर्नार बूते द मोंव्हेल यांनी रंगवलेली महाराजांची दोन व्यक्तिचित्रे प्रसिद्ध आहेत. १९२९ च्या चित्रात ते काळ्या पाश्चात्त्य पोशाखात आहेत, तर १९३४ च्या चित्रात पांढऱ्या मराठेशाही पोशाखात, डोक्यावर होळकरी पगडी घालून बसलेले.